२.८३चा गुणाकार

फेब्रुवारी २०२३च्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे गॅसचे बिल आले ते ७०८ पौंड ९९ पेन्सचे होते. १ डिसेंबर ते ३१ जानेवारी, म्हणजे ६२ दिवसांचे. इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात, शेजारच्या घरांना भिंतीला भिंत लागून असलेल्या एका जुन्या, दोन बेडरूमच्या घरात आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस राहायला आलो होतो. त्याआधीच्या फ्लॅटमध्ये हीटर विजेवर चालत असत. त्यामुळे गॅसवर घर उबदार ठेवण्याचा आम्हाला काडीचाही अनुभव नव्हता आणि मागचे बिल काढून नव्याशी ताडून पाहण्याची सोयही नव्हती.

बिल पाहून धक्का बसला, पण आश्चर्य वाटले नाही, आणि नेमकी हीच अडचण होती. त्या हिवाळ्यात या देशात भेटेल तो माणूस हवामानाच्या आधी गॅसच्या दरावर बोलत होता. ऑक्टोबर २०२१मध्ये घरगुती गॅसचा एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-अवर, साधारण ४ पेन्सला मिळत होता. एप्रिल २०२२मध्ये तो ७ पेन्सच्या वर गेला आणि ऑक्टोबर २०२२पासून सरकारने मध्ये पडून दर रोखून धरल्यानंतरही १०.३ पेन्सवर थांबला. म्हणजे वर्षभरात दर अडीचपटीहून थोडा जास्तच झाला होता. त्यात डिसेंबरच्या मध्यावर दहा-बारा दिवस कडाक्याची थंडी पडून गेली होती आणि गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडण्यात आमच्या सकाळी जात होत्या. इथल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवात मी बिलाचा विषय काढला तेव्हा तीन-चार जणींनी एका सुरात सांगितले, "अगं, आमचंही अडीचपट आलंय. युक्रेनचं युद्ध, दुसरं काय!" मी गप्प बसले. अडीचपट हा आकडा सगळ्यांच्या तोंडी इतका बसला होता की माझ्या बिलातला फुगवटाही त्यात सहज सामावून गेला.

सरकारने जाहीर केलेल्या २,५०० पौंडांच्या मर्यादेबद्दलचा एक गैरसमजही तेव्हा घरोघरी होता. अनेकांना वाटे की वर्षाचे बिल २,५०० पौंडांच्या वर जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात मर्यादा होती ती युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर. मध्यम वापराच्या घराला त्या दराने किती खर्च येईल याचा तो नमुन्यादाखल काढलेला आकडा होता. जो जास्त गॅस जाळेल त्याने जास्त पैसे भरावेत, हे सूत्र कायमच होते. त्यामुळे "आपण जास्त जाळला" एवढाच निष्कर्ष आमच्या हाती उरला आणि मग जास्त कोणी जाळला, याचा शोध घरातल्या घरात सुरू झाला.

संशयित तयारच होत्या. माझ्या सासूबाई डिसेंबरच्या सुरुवातीला मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांच्या खोलीतल्या रेडिएटरला, म्हणजे आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याला, खालच्या बाजूला एक पांढरी चकती आहे, तिच्यावर शून्य ते पाच आकडे आहेत. ही चकती नवरा कामावर निघताना दोनवर करून जाई आणि सासूबाई तो दार ओढून बाहेर पडला रे पडला की पाचवर नेत. फिरवताना तिचा कुर्र असा आवाज होतो आणि तो मला खाली स्वयंपाकघरात ऐकू येई. बिल आल्यावर नवरा आईला प्रत्यक्ष काही बोलला नाही, परंतु जेवताना "या देशात गॅस फार महाग आहे" असे वाक्य त्याने लागोपाठ दोन दिवस उच्चारले. तिसऱ्या दिवसापासून कुर्र आवाज बंद झाला. सासूबाई दुपारी शाल पांघरून, पायात दोन-दोन मोजे घालून, स्वयंपाकघरात माझ्याजवळ खुर्ची ओढून बसू लागल्या. मी त्यांना म्हटले, "आई, तुम्ही खोलीत बसा ना, हीटर लावते." त्या म्हणाल्या, "नको गं, इथं फोडणीची ऊब आहे."

मला हे टोचले. पण टोचले म्हणून लगेच काही सुचले असे नाही. सुचले ते त्यांच्याच एका प्रश्नावरून. बिलावरचा ६,७१५ किलोवॅट-अवर हा आकडा मी त्यांना वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे किती सिलिंडर?" मी हसले, मग वहीत हिशेब मांडला. आपल्याकडच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधल्या गॅसमध्ये ढोबळमानाने १९० किलोवॅट-अवर एवढी उष्णता असते. भागाकार केला तर उत्तर पस्तीस आले. दोन महिन्यांत पस्तीस सिलिंडर! मिरजेच्या घरी दोन माणसांना एक सिलिंडर दीड महिना पुरतो. सासूबाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले. "पस्तीस सिलिंडर म्हणजे कुणाचं लग्न झालं का या घरात?"

स्वयंपाकाचा गॅस आणि घर उबदार ठेवण्याचा गॅस यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला ठाऊक होते. रेडिएटरमधले पाणी गॅसवर तापवणारा आमचा बॉयलर २४ किलोवॅटचा आहे. तो पूर्ण जोराने आठ तास सलग चालला तर एका सिलिंडरएवढी उष्णता फस्त करतो. तरीही पस्तीस हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहिला तशी बिलावरची बेरीज कधी उभी राहिली नव्हती. त्याच वहीच्या पुढच्या पानावर मी सासूबाईंच्या रेडिएटरचाही हिशेब मांडला. त्यांच्या छोट्या खोलीतला रेडिएटर साधारण एक किलोवॅटचा. तो ६२ दिवस, चोवीस तास, पाचावर ठेवून एक क्षणही बंद पडू दिला नसता, तरी १,४८८ युनिट झाले असते आणि त्यांचे पैसे झाले असते १५३ पौंड. प्रत्यक्षात तो दिवसाचे चार-पाच तास चालत होता. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी घरात अप्रत्यक्ष शिक्षा चालू होती, तो करणे त्यांना शक्यच नव्हते. रात्री मी वही नवऱ्यासमोर ठेवली. त्याने हिशेब दोनदा तपासला, काही न बोलता वर गेला आणि मला कुर्र असा आवाज ऐकू आला.

मग खरा तपास सुरू झाला. गॅसचा मीटर आमच्याकडे जिन्याखालच्या कपाटात आहे. तिथे व्हॅक्यूम क्लीनर, जुने बूट आणि आधीच्या मालकांनी मागे ठेवलेले रंगाचे डबे असल्याने गुडघ्यांवर बसून, मोबाइलचा उजेड पाडून आकडे वाचावे लागतात. (रेडिंग शहरात राहून मीटरचे रीडिंग घेण्यावर आमच्या मुलीने बरेच विनोद केले, दोन्ही शब्दांचे इंग्रजी स्पेलिंग एकच आहे.) पहिली तपासणी गळतीची. बॉयलर आणि शेगडी दोन्ही बंद करून मी आकडे लिहून घेतले आणि तासाभराने पुन्हा पाहिले. शेवटचा लाल आकडासुद्धा हलला नव्हता. गळती असती तर हिशेबाची वही बाजूला ठेवून, खिडक्या उघडून, आधी गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा लागला असता. तो प्रश्न नव्हता.

दुसरी शंका अंदाजी रीडिंगची. आपल्याकडे ज्याला सरासरी बिल म्हणतात तसे इथेही असते; कंपनीकडे रीडिंग पोहोचले नाही की ती मागच्या वापरावरून आकडा ठरवते आणि बिलावर तसे लिहिते. आमच्या बिलावरची दोन्ही रीडिंग ग्राहकाने दिलेली, म्हणजे मी स्वतः भरलेली होती: ३८६ आणि ५९८. फरक २१२. मीटरशी ते जुळतही होते. इथे मी जवळजवळ हार मानली होती. गळती नाही, रीडिंग बरोबर, दर सरकारने ठरवलेला. मग चूक असायला जागा कुठे उरली?

तरी एक आठवडाभर रोज सकाळी सात वाजता रीडिंग लिहायचे, असे मी ठरवले. आठवड्याच्या सुरुवातीला मीटर ६३४वर होता, शेवटी ६५८वर. सात दिवसांत २४, म्हणजे दिवसाला साडेतीनच्या आतबाहेर. बिलाच्या काळातली सरासरीही तीच पडत होती. तेव्हा आमचा वापर खरोखर तेवढाच होता. आता या साडेतीनाचे किलोवॅट-अवर किती होतात हे पाहायचे होते आणि त्यासाठी बिलाचे मागचे पान वाचणे भाग होते. हे पान कोणी वाचावे अशी ते छापणाऱ्यांची अपेक्षा नसावी, इतक्या बारीक आणि फिकट अक्षरांत ते असते.

तिथले गणित एकदा समजले की सोपे आहे. मीटर फक्त गॅसचे आकारमान मोजतो. त्यातून किती उष्णता मिळाली हे त्याला कळत नाही. म्हणून घनमीटरांना आधी १.०२२६४ने गुणतात, तापमान आणि दाब यांमुळे गॅसच्या आकारमानात पडणाऱ्या फरकासाठी ही ठरलेली दुरुस्ती आहे. मग गॅसच्या उष्मांकाने, म्हणजे एका घनमीटर गॅसमध्ये किती उष्णता आहे त्या आकड्याने गुणतात. तो काळानुसार आणि भागानुसार थोडा बदलतो, आमच्या बिलावर ३९.४ होता. शेवटी ३.६ने भागले की किलोवॅट-अवर मिळतात. ढोबळमानाने एका घनमीटरचे ११.२ युनिट. म्हणजे आमचे दिवसाचे साडेतीन घनमीटर साधारण ३८ युनिट व्हायला हवे होते. बिलाप्रमाणे ते दिवसाला १०८ पडत होते.

मी पुन्हा ते फिकट पान उजेडात धरले. १.०२२६४च्या आधी आणखी एक गुणाकार होता: २.८३. त्याच्या बाजूला लिहिले होते, "इम्पीरिअल मीटर".

ब्रिटनमधले जुने गॅस मीटर घनफुटांत मोजतात. त्यांच्या तबकडीवरचा एक आकडा म्हणजे शंभर घनफूट, आणि शंभर घनफुटांचे होतात २.८३ घनमीटर. अशा मीटरच्या रीडिंगला आधी २.८३ने गुणणे योग्यच आहे. नवे मीटर मात्र थेट घनमीटरमध्ये मोजतात, त्यांना हा गुणाकार लागत नाही. मी पुन्हा जिन्याखाली गेले. आकड्यांच्या शेजारी इंग्रजी एम आणि त्याच्या डोक्यावर छोटा तीन, असे स्वच्छ कोरलेले होते. घनमीटर. कंपनीच्या दप्तरात आमचा मीटर घनफुटांचा होता, भिंतीवर तो घनमीटरचा होता, आणि आम्ही जाळलेल्या प्रत्येक युनिटचे आम्हाला २.८३ युनिट लावले गेले होते.

एक खूण तर मला पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. घनफुटांच्या मीटरवर सहसा चार काळे आकडे असतात, घनमीटरच्या मीटरवर पाच. आमच्या मीटरवर ००३८६ असे पाच आकडे होते आणि कंपनीच्या संकेतस्थळावर रीडिंग भरायला चौकटी होत्या चारच. मीटर नवा, पुढे दोन शून्ये. एक शून्य गाळून मी ०३८६ भरले होते आणि काही खटकलेही नव्हते. शून्याला किंमत नसते, असे शाळेत शिकलो ते इथे नडले.

मला सर्वांत विचित्र वाटला तो आकड्यांचा योगायोग. दर वाढला होता अडीचपटीहून थोडा जास्त. चूक होती पावणेतीनपटीहून थोडी जास्त. दर ४ पेन्स असताना हीच चूक झाली असती तर ज्यांचे बिल शंभर येते त्यांना अचानक २८३ आले असते आणि त्यांनी त्याच दिवशी फोन उचलला असता. त्या हिवाळ्यात मात्र प्रत्येकाकडे तयार उत्तर होते आणि ते उत्तर खोटेही नव्हते. दर खरोखर वाढला होता, थंडी खरोखर पडली होती. खऱ्या कारणाच्या आडोशाला चूक बसली की ती शोधणे फार कठीण जाते, कारण प्रश्न विचारणाऱ्यालाच आपण पेपर वाचत नाही की काय असे वाटू लागते.

फोन केला तेव्हा पहिल्या दिवशी हाच अनुभव आला. पलीकडची मुलगी अत्यंत नम्र होती. तिने मला दरवाढ समजावून सांगितली, घराचे तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट एक अंशाने कमी करण्याचा सल्ला दिला आणि आमची थकबाकी भरून निघावी म्हणून गॅस-विजेचा मिळून मासिक हप्ता १६० पौंडांवरून ३४० करण्याचे सुचवले. मी २.८३ म्हटले की ती "तो सिस्टीमने काढलेला आकडा आहे" असे म्हणे. दुसऱ्या फोनचीही तीच गत झाली. मग मी फोनचा नाद सोडला आणि लेखी तक्रार केली. तिच्यात तीनच गोष्टी होत्या: मीटरचा असा फोटो की ज्यात अनुक्रमांक, आकडे आणि घनमीटरची खूण एकाच चौकटीत दिसेल, बिलाच्या मागच्या पानाची प्रत, २.८३भोवती लाल वर्तुळ काढून. आणि योग्य हिशेब. २१२ घनमीटर, त्यांचे २,३७३ युनिट, त्यांचे २४४ पौंड ३९ पेन्स, त्यात ६२ दिवसांचा स्थिर आकार १७ पौंड ३६ पेन्स, एकूण २६१ पौंड ७५ पेन्स. दरवाढीबद्दल, थंडीबद्दल, मनस्तापाबद्दल एक शब्दही लिहिला नाही. मनस्ताप लिहिला की उत्तर मनस्तापाचे येते आणि हिशेब तसाच राहतो.

हप्ता मी थांबवला नाही, जुना १६० पौंडांचाच चालू ठेवला आणि वादातल्या रकमेचा निर्णय होईपर्यंत तो वाढवू नये असे त्याच पत्रात कळवले. बँकेला सांगून रागाच्या भरात हप्ता बंद करणाऱ्यांची गोष्ट मी ऐकली होती. मग मूळ वाद बाजूला राहतो आणि आपण थकबाकीदार ठरतो. इथल्या नियमाप्रमाणे तक्रार नोंदवल्यापासून आठ आठवड्यांत समाधान झाले नाही, किंवा त्याआधीच कंपनीने "आमच्याकडून यापुढे काही होणार नाही" असे पत्र दिले, तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, विनामूल्य दाद मागता येते. ग्राहकाने तिथला निर्णय स्वीकारला तर तो कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारीच्या शेवटच्या ओळीत मी फक्त आठ आठवडे पूर्ण होण्याची तारीख लिहिली होती. तिथे जाण्याची वेळ आली नाही.

सहाव्या आठवड्यात पत्र आले. २०२२च्या सुरुवातीला, म्हणजे आधीच्या मालकांच्या काळात, जुना मीटर काढून नवा बसवला गेला होता; दप्तरात नव्या मीटरचा अनुक्रमांक चढला, मोजमापाचे एकक मात्र जुन्याचेच राहिले. ४४७ पौंड २४ पेन्स आमच्या खात्यात जमा झाले. आधीच्या मालकांनीही काही महिने असेच पैसे भरले असणार, म्हणून त्या पत्राची माहिती मी आमच्या वकिलांमार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचवली. ही चूक उलटीही होऊ शकते, म्हणजे घनफुटांचा मीटर घनमीटरचा म्हणून नोंदला जातो आणि बिल कित्येक महिने स्वस्त येत राहते. अशा वेळी चूक ग्राहकाची नसेल, तर बारा महिन्यांहून जुन्या वापराचे पैसे कंपनीला नव्याने मागता येत नाहीत, हा नियम २०१८पासून घरगुती ग्राहकांना लागू आहे.

दुरुस्त बिल २६२ पौंडांचे. सासूबाईंच्या हिशेबाने साडेबारा सिलिंडर. "तरी पुष्कळच झाले," असे त्या म्हणाल्या आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. मीटरची चूक सापडली म्हणून बॉयलर निर्दोष ठरत नाही. रेडिएटरकडे जाणारे पाणी तो ८० अंशांपर्यंत तापवत होता. नव्या पद्धतीच्या बॉयलरचा फायदा मिळतो तो धुराड्यातून जाणाऱ्या वाफेचे पाणी करून तिच्यातली उष्णता परत घेतल्यामुळे, आणि त्यासाठी रेडिएटरमधून फिरून परत येणारे पाणी ५५ अंशांच्या खाली असावे लागते. ८० अंशांनी निघालेले पाणी इतके थंड होऊन कुठून येणार? मी बटण फिरवून ते ६०वर आणले. आमचा बॉयलर नळाचे गरम पाणी त्या त्या वेळी तापवून देणारा असल्याने हे सरळ करता आले. ज्यांच्याकडे गरम पाण्याची साठवण टाकी आहे त्यांनी तिच्यातले पाणी ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, त्यात जंतू वाढण्याचा धोका असतो. आता घर तापायला वेळ जास्त लागतो, रेडिएटरला हात लावला तर चटका बसत नाही. पण बॉयलर सारखा धडपडून चालू-बंद होत नाही.

सासूबाई मे महिन्यात परत गेल्या. त्यांच्या खोलीतली चकती त्यांनी जाताना स्वतःच्या हाताने शून्यावर केली होती, पुढच्या हिवाळ्यात आल्या तेव्हा त्यांनीच ती चारवर नेली. मी अजूनही महिन्याच्या पहिल्या तारखेला जिन्याखाली बसून आकडे वाचते. रीडिंग भरायला संकेतस्थळावर आता पाच चौकटी येतात, आणि पहिल्या चौकटीत मी न चुकता शून्य टाकते.